पाहुण्याने यजमानावर विश्वास ठेवू नये

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्या अकरा ओळींवर मी सही केली नाही. आमच्या कार्यालयात हल्ली सही म्हणजे पडद्यावरचं एक हिरवं बटण असतं, त्यावर 'मंजूर' असं लिहिलेलं असतं आणि ते दाबायचं असतं. ते मी दाबलं नाही. माझं बोट शाबूत होतं, माउस चालू होता, वीज होती. नऊ दिवस मी सगळ्या विभागाचं घोडं अडवून धरलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाटावं अशी बऱ्याच जणांची मनापासून इच्छा होती, पण सगळ्यांच्याच इच्छा पुऱ्या करायला मी काही बांधील नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. विभागप्रमुख माझ्या जागेपाशी आले. माझी जागा म्हणजे झेरॉक्स यंत्राच्या शेजारची. पूर्वी ती खिडकीपाशी होती. मग 'आसनव्यवस्थेचा पुनर्विचार' झाला आणि पुनर्विचारात मी झेरॉक्सपाशी आलो. विभागप्रमुख माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, वागायला गोड, आणि कुठलंही काम 'फक्त' हा शब्द लावून देणारे. ते म्हणाले, फक्त एक नजर टाका आणि शुक्रवारपर्यंत मंजूर करून द्या. बाकी दोघांनी मंजूर केलंय, फक्त तिसरं नाव लागतं. आता तीस वर्षं कोड वाचणाऱ्या माणसाला 'तिसरं नाव' म्हटल्यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबणारच. मी मनातल्या मनात ठरवलं की नजर टाकायची तर नीट टाकायची. हे सगळं पुढचं रामायण त्या मिरच्यांमुळे झालं असं माझे हितचिंतक म्हणतात. थोडंफार खरंही असेल.

काम काय होतं ते सांगतो. घाबरू नका, मी हे बायकोच्या मावशीलाही समजावलं आहे. एका मोठ्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक राहतो. त्याला स्वतःचं असं काही नसतं, ना तार, ना डिस्क, ना पंखा. पण त्याला वाटतं की आपलं सगळं स्वतःचं आहे. या आतल्याला म्हणतात पाहुणा आणि बाहेरच्याला यजमान. हे शब्द माझे नाहीत. शेरे आपल्याच भाषेत लिहायचे असा फतवा निघाल्यावर आमच्याकडे एक परिभाषा समिती बसली होती, तिने हे ठरवले. पाहुण्याला बाहेरच्या जगाचं काही हवं असलं की तो यजमानाकडे मागतो, आणि हे देणंघेणं जो सांभाळतो त्या पाहुण्याच्या बाजूच्या कोडला ड्रायव्हर म्हणतात. मावशींना एवढं समजावल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे जावईबापू, तुमच्या हाताखाली ड्रायव्हर आहेत. मी म्हटलं, एका अर्थी आहेत. त्या म्हणाल्या, मग मंगळवारी एक पाठवा, मला डोळे दाखवायला जायचंय.

तर तो ड्रायव्हर नऊशे ओळींचा होता. आठशे एकोणनव्वद ओळी मी दोन दिवसांत वाचल्या आणि मला त्या आवडल्या. स्वच्छ हात होता. लिहिणारी आमच्याच विभागातली, पाच वर्षं झाली असतील तिला. कमी बोलायची. कुणी काहीही चूक दाखवली की तिचं उत्तर ठरलेलं, 'माझ्याकडे चालतंय.' त्यामुळे विभागात तिला पाठीमागे सगळे 'चालतंय' म्हणायचे आणि, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला 'अडतंय' म्हणायचे.

उरलेल्या अकरा ओळींत घोळ होता. पाहुणा दारात रिकामी पातेली ठेवतो. यजमान ती भरून परत ठेवतो आणि वर चिठ्ठी लावतो की यात इतकं भरलंय. आमचा ड्रायव्हर चिठ्ठी वाचायचा आणि तेवढं पिऊन टाकायचा. पातेलं दोन लिटरचं आहे आणि चिठ्ठी पाच लिटरची आहे, हे बघतच नव्हता. आता दोन लिटरच्या पातेल्यातून पाच लिटर घ्यायला गेलं की वरचे तीन लिटर शेजारच्या डब्यांतून येतात. आणि शेजारच्या डब्यांत काय असेल याचा काही नेम नाही.

आमच्या बाबतीत नेम होता. पुढच्या गुरुवारी एका मोठ्या रुग्णालयाची माणसं प्रात्यक्षिक बघायला येणार होती. त्यांच्या रुग्णांचे अहवाल या पाहुण्याच्या पोटात राहणार होते. आमचा सगळा मालच मुळी या एका वाक्यावर विकायचा होता की पाहुण्याच्या पोटात काय आहे ते खुद्द यजमानालाही दिसणार नाही. आणि त्या अकरा ओळींमुळे यजमानाने नुसती खोटी चिठ्ठी लावली की शेजारच्या डब्यातला कुणाच्या तरी काविळीचा अहवाल पाहुण्याच्या उत्तरात मिसळून आपण होऊन बाहेर जाण्याची सोय झाली होती.

मी तीन शेरे लिहिले. पहिला: 'यजमान खोटं बोलतो असं धरून चाला.' दुसरा: 'यजमानाच्या हातून आलेलं काहीही पाहुण्याने मोजल्याशिवाय पोटात घेऊ नये.' आणि तिसरा, मापात गडबड निघाली तर काय करायचं त्याबद्दल: 'अशा वेळी पाहुण्याने तिथल्या तिथे मरावं. यजमानाकडे अर्धवट जिवंत राहण्यापेक्षा ते बरं.' आमच्या धंद्यात हे अगदी रोजचं वाक्य आहे. पाहुणा मरतो, पुन्हा उभा राहतो, कुणी रडत नाही.

घरी मी हे कौतुकाने सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवते आणि सव्वीस वर्षं वह्या तपासते आहे, त्यामुळे तपासणी या विषयावर तिच्यासमोर बोलताना मी जरा जपून असतो. तिने विचारलं, अकरा ओळींना किती दिवस लागले. मी म्हटलं, चार. ती म्हणाली, चार दिवसांत माझ्या दोनशे वह्या होतात, समासासकट. मी म्हटलं, तुझ्या वहीतली चूक वहीत राहते. ती म्हणाली, तुम्हाला असं वाटतं.

सोमवारी मला मनुष्यबळ विभागातून बोलावणं आलं. त्या विभागाच्या बाई अतिशय सौम्य बोलतात, इतक्या सौम्य की आपण काहीतरी भयंकर केलंय याची खात्री पटते. त्यांनी माझे तीन शेरे कागदावर छापून, पिवळ्या रंगाने रंगवून समोर ठेवले होते. शेजारी गुरुवारच्या कार्यक्रमाचं परिपत्रक होतं. त्यात 'पाहुणे' या मथळ्याखाली रुग्णालयाच्या पाच माणसांची यादी होती आणि 'यजमान' या मथळ्याखाली आमचे विभागप्रमुख. मी दोन्ही कागद एकदमच वाचले आणि माझ्या पाचावर धारण बसली.

"हे पाहुणे मरावेत असं तुम्हाला का वाटतं?" बाईंनी विचारलं.

"हे ते पाहुणे नव्हेत," मी म्हटलं. "हे आपल्या यंत्रात राहतात."

"कधीपासून?"

"चौदा एक वर्षं झाली."

बाईंनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं की यजमान खोटं बोलतो याला माझ्याकडे काही पुरावा आहे का. मी म्हटलं, पुरावा नाही, पण विश्वास ठेवायचं कारणही नाही. धोरण म्हणून संशय घ्यायचा. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी पातेल्यांचं उदाहरण दिलं. त्या म्हणाल्या, म्हणजे जेवणाच्या व्यवस्थेबद्दलही तुमची तक्रार आहे. यानंतर पाऊण तास मी कागदावर चौकोन काढत होतो, मोठ्या चौकोनात छोटा चौकोन, आणि शेवटी बाईंना सगळं समजलं. समजल्यावर त्या मनापासून हसल्या. पण शेरा नोंदवला गेला आहे तर तो तसाच ठेवता येणार नाही, असंही म्हणाल्या. 'मरावं' हा शब्द धोरणात बसत नव्हता. त्यांच्याकडे पर्यायी शब्दांची यादी होती. त्या यादीतून, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांनी 'मरावं' खोडून 'विश्रांती घ्यावी' केलं. मी विरोध करायला हवा होता. पण जेवायची वेळ झाली होती आणि माणूस उपाशीपोटी कुठल्या शब्दावर किती भांडणार.

मंगळवारी दुपारी ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली. अकरा ओळींच्या चौदा झाल्या होत्या. मी मोठ्या आशेने उघडल्या. चिठ्ठीवरचं माप पातेल्यापेक्षा मोठं निघालं तर ड्रायव्हर आता पाच सेकंद विश्रांती घ्यायचा. अक्षरशः. पाच सेकंद झोपायचा, उठायचा आणि मग ते पाचच्या पाच लिटर पिऊन टाकायचा.

मी तडक तिच्या जागेपाशी गेलो. तिने शांतपणे माझाच शेरा मला दाखवला. 'अशा वेळी पाहुण्याने तिथल्या तिथे विश्रांती घ्यावी.' खाली माझं नाव, तारीख, वेळ. मी म्हटलं, अगं, हा शब्द माझा नाही. ती म्हणाली, नाव तुमचंय. मी आणखी एक शेरा लिहायला घेतला, तर यंत्राने कळवलं की एका मुद्द्यावर तीनपेक्षा जास्त शेरे लिहिता येत नाहीत, अधिक शेऱ्यांसाठी विभागप्रमुखांची परवानगी घ्यावी. तिथे पर्याय तीनच होते: 'मंजूर', 'सूचनांसह मंजूर' आणि 'मंजूर करण्यास हरकत नाही'. नामंजूर करायचं तर वेगळं पत्रक भरावं लागतं, आणि ते पत्रक विभागप्रमुखांनी मंजूर केल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे नकार देण्यासाठी आधी होकार मिळवायचा. ही पद्धत ज्याने शोधली त्याला मला एकदा भेटायचं आहे.

संध्याकाळी घरी परतताना आमच्या इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरचे निरीक्षकसाहेब भेटले. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळी हकीगत माहीत होती, कारण बायकोने मावशींना ती फोनवर जितक्या मोठ्याने सांगितली तितकीच स्पष्ट त्यांनी खिडकीतून ऐकली होती. त्यांनी मला सल्ला दिला की सही करावी, पण तारीख घालू नये. मी म्हटलं, तारीख यंत्र घालतं. मग ते म्हणाले, सही करावी आणि त्या दिवशी आजारी असल्याचा दाखला ठेवावा. असे चार सल्ले झाले. मग ते कठड्याला टेकले आणि म्हणाले की एकतीस वर्षांत त्यांनी हजारो तराजूंवर न बघता शिक्के मारले. एकदाच एका बड्या दुकानाचा काटा नीट तपासला, खोटा निघाला, नापास केला. पंधरा दिवसांत बदली.

"मग पश्चात्ताप झाला का?" मी विचारलं.

"बदलीच्या गावी हवा चांगली होती," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी बैठक बसली. विभागप्रमुख, मनुष्यबळाच्या बाई, आधी मंजुरी दिलेले दोघे, चालतंय आणि मी. विभागप्रमुखांनी आज 'फक्त' म्हटलं नाही, तेव्हाच मला अंदाज आला. त्यांनी आधी मंजुरी दिलेल्या दोघांना विचारलं, तुम्ही वाचलं होतं ना. एक म्हणाला की दुसऱ्याने मंजूर केलं म्हणून त्याने केलं. दुसरा पहिल्याकडे बघत राहिला. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण विभागप्रमुखांनी पडद्यावर एक जुना ड्रायव्हर उघडला. चौदा वर्षांपूर्वीचा. मधल्या एका ओळीवर त्यांनी बाण आणून ठेवला. यजमानाची चिठ्ठी वाचायची आणि तेवढं प्यायचं. मोजमाप नाही. जशीच्या तशी तीच ओळ. डाव्या बाजूला लिहिणाऱ्याचं नाव होतं, आणि ते माझं होतं.

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"चौदा वर्षं चालतेय ही," विभागप्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. "कुणाचं काही बिघडलं नाही. मग आताच काय झालं?"

खरं तर उत्तर सोपं होतं. तेव्हा यजमानाला पाहुण्याचं सगळंच दिसत असे. ज्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या, त्याने दिलेलं पातेलं मोजून काय करणार. आता आपण सांगतोय की यजमानाला काही दिसणार नाही, म्हणून आता मोजायला हवं. हे मी सांगू शकलो असतो आणि सांगायला सुरुवातही केली. पण अर्ध्यावर मला माझाच आवाज वकिलासारखा वाटायला लागला. मग माझ्या लक्षात आलं की ती ओळ लिहिताना मी हा कसलाही विचार केला नव्हता. मला मोजायचं सुचलंच नव्हतं. लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाच राग आला.

"तर मग चौदा वर्षं मी चूक होतो," मी म्हणालो. "आता दोन ठिकाणी दुरुस्त करायचं. मी सही करणार नाही."

विभागप्रमुखांनी सांगितलं की संध्याकाळी पाचपर्यंत मंजुरी आली नाही तर माझं नाव तपासणाऱ्यांच्या यादीतून काढण्यात येईल, आणि पुढच्या आठवड्यापासून मला संग्रह विभागात जावं लागेल. पत्र तयार आहे. संग्रह विभाग म्हणजे तळघर, तिथे जुन्या यंत्रांची माहितीपुस्तकं ठेवतात आणि त्यांच्यावरची धूळ कुणी झटकत नाही. मी म्हटलं, बदली करा, पण माझं नाव आणि पुढे 'नाही' एवढं तिथे राहू द्या. ते म्हणाले, तशी सोय नाही. नकार देणाऱ्याचं नाव काढलं की उरलेल्यांच्या नावापुढे यंत्र आपोआप 'एकमताने मंजूर' लिहितं.

हे 'एकमताने' मला फार लागलं. बदलीचं काही नाही, तळघरात निदान झेरॉक्स नाही. पण मी 'नाही' म्हटलं होतं, नऊ दिवस म्हटलं होतं, माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कुठल्याच गोष्टीला 'नाही' म्हटलेलं नाही, आणि त्याची नोंद काय राहणार, तर एकमत. मी जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला. तिची मधली सुट्टी होती. मी सगळं सांगितलं, माझ्या जुन्या ओळीसकट. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या हो, करून टाका.

"चूक आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग तपासायचं काम ज्याचं, त्याने लाल शाई वापरायची. मुख्याध्यापक काय म्हणतात ते मुख्याध्यापकांना बघू द्या." मग घंटा झाली आणि तिने फोन ठेवला.

जिना चढताना मला एक सुचलं. तो जुना ड्रायव्हर अजून माझ्याच नावावर होता. चौदा वर्षांत कुणालाही तो स्वतःच्या नावावर करून घ्यावासा वाटला नव्हता. माझ्या मालकीच्या कोडमध्ये दुरुस्ती करायला मला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त एक तपासणारा लागतो, आणि तो मी निवडायचा असतो. मी जागेवर बसलो, जुनी ओळ काढली आणि तिच्या जागी तीन ओळी लिहिल्या. चिठ्ठीवरचं माप पातेल्यापेक्षा मोठं असेल तर घेऊ नये, पाहुण्याने मरावं. हो, 'मरावं'. वर खुलासा लिहिला: 'यजमानाचं माप न तपासता घेतलं होतं. चूक माझी, चौदा वर्षांची.' तपासणाऱ्याच्या रकान्यात चालतंयचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

तीन वाजले, साडेतीन वाजले. ती तिच्या जागेवर बसून होती, माझ्याकडे पाठ करून. तीन ओळींना इतका वेळ लागत नाही हे मला कळत होतं. तिने मंजूर केलं तर तिची स्वतःची ओळ चूक आहे हे तिच्याच हाताने लिहिल्यासारखं होणार होतं, आणि तेही सगळा विभाग बघत असताना. ती मंजूर करणार नाही अशी माझी खात्री झाली. तिच्या जागी मीही केलं नसतं, निदान त्या वयात तरी नाही.

चारच्या सुमाराला ती उठून आली आणि झेरॉक्सपाशी उभी राहिली.

"सर, ती ओळ मी तुमच्याकडूनच घेतली होती."

"दिसलं मला."

"वर तुमचं नाव होतं. म्हणून नीट बघितली नाही. दुसऱ्या कुणाची असती तर तपासली असती."

तीस वर्षांत माझं याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही आणि याहून मोठी चपराकही कुणी मारलेली नाही. मी म्हटलं, यापुढे माझीही तपास. ती 'बरं' म्हणाली, तिथेच वाकून माझ्या पडद्यावरचं काहीतरी वाचलं, आणि परत गेली. दोन मिनिटांत माझ्या तीन ओळी मंजूर झाल्या. त्याच्या पाठोपाठ विभागातल्या सगळ्यांना एक सूचना आली: 'लेखिकेने नवा ड्रायव्हर मागे घेतला आहे.' हे एक बटण लिहिणाऱ्याकडेच असतं, कुठलाही विभागप्रमुख ते अडवू शकत नाही, आणि आमच्या कार्यालयात ते आजवर कुणी दाबलेलं मी तरी बघितलेलं नाही.

विभागप्रमुख जवळजवळ धावतच आले. उद्या दहाला माणसं येणार आणि दाखवायला ड्रायव्हर नाही. ते आधी माझ्यावर ओरडले, कारण सवय होती. मग त्यांनी तिला विचारलं की काल तर चालत होतं ना. ती म्हणाली, "चालत होतं. बरोबर नव्हतं." मग तिने खुर्ची ओढली आणि लिहायला सुरुवात केली. विभागप्रमुख तिच्या मागे उभे राहिले, मनुष्यबळाच्या बाई आल्या, आधी मंजुरी दिलेले दोघेही आले, आणि या वेळी एकाने तर तिच्या पडद्यावरची पहिली ओळ खरोखर वाचून बघितली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना नव्या ओळी माझ्याकडे आल्या. झोप गेली होती, मोजमाप आलं होतं, पाहुणा नीट मरत होता. विभागप्रमुख माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ते म्हणाले, झालं ना तुमच्या मनासारखं, आता दाबा. सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. मी बोट बटणावर नेलंसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला ते दाबायचं होतं. नऊ दिवसांनी माणसाला घरी जावंसं वाटतं.

पण आठव्या ओळीत 'लहान असेल तर घ्या' असं लिहिलं होतं. 'लहान किंवा तेवढंच' असं नव्हतं. म्हणजे काठोकाठ भरलेलं, अगदी बरोबर मापाचं पातेलं आलं की पाहुणा ते बघून जीव देणार. बिचाऱ्या यजमानाने एकदा खरं बोलावं आणि त्यावर पाहुण्याने मरावं. मी बोट मागे घेतलं.

"एक बरोबरीचं चिन्ह कमी आहे," मी म्हणालो.

विभागप्रमुखांनी घड्याळाकडे बघितलं. ते म्हणाले की आता पुरे, एका चिन्हाने काही बिघडत नाही, उद्याचं प्रात्यक्षिक होऊ द्या, मग बघू. आणि नाहीतर ते बदलीचं पत्र खाली तळघरात पोचायला मिनिटभरही लागणार नाही. मी म्हटलं, पाठवा.

तेवढ्यात ती माझ्या पडद्याजवळ येऊन वाकली. आठवी ओळ तिने दोनदा वाचली. मग शेजारची रिकामी खुर्ची ओढून विभागप्रमुखांच्या मागे ठेवली.

"सर, तुम्ही बसा," ती त्यांना म्हणाली. "हे तपासतायत."

तिने ते चिन्ह घातलं आणि पुन्हा पाठवलं. पाच वाजून गेले. विभागप्रमुख खरंच बसले. मी चष्मा पुसला, डोळ्यांवर नीट बसवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.